थर्मल बिलावरची अक्षरं का उडतात आणि पावसाआधी काय करून ठेवावं

पाकिटात किंवा पिशवीच्या तळाशी एखादं बिल पडलेलं असेलच. औषधाच्या दुकानाचं, पेट्रोल पंपाचं, एटीएमची चिठ्ठी, काहीही चालेल. ते टेबलावर सपाट ठेवा आणि छापील बाजूच्या कोऱ्या जागेवर नखाने जोरात एक रेघ ओढा. करडी रेघ उमटली तर तो थर्मल कागद. नखाला शाई नव्हती. घासल्यामुळे जी जराशी उष्णता झाली तेवढ्यावर कागद काळवंडला. कागद उलटा करून तसंच करा, बहुधा काही उमटणार नाही, कारण लेप एका बाजूलाच असतो.

चाचणी आधी सांगितली, कारण पुढचं सगळं या एकाच कागदापुरतं आहे. लेझर प्रिंटरवर काढलेलं ए-फोर बिल, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, डॉट मॅट्रिक्सवर खडखडत निघालेली पावती, यांना हे दुखणं नाही. तिथे शाई किंवा टोनर खरोखरच कागदावर बसलेला असतो.

गोव्यात फोंड्याला आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. उडालेली बिलं घेऊन लोक सगळ्यात जास्त येतात ते जुलै-ऑगस्टमध्ये. पहिल्या गडगडाटात इन्व्हर्टर, फ्रीज, टीव्ही, राउटर यांतलं काहीतरी जातं, सर्व्हिस सेंटरवाला बिल मागतो, आणि कपाटातून काढावं तर बिल कोरं! त्या वेळी आमच्या हातात फारसं काही नसतं. जे करायचं ते बिल घरी आलं त्या दिवशी करायचं असतं, आणि का करायचं हे कळलं की लक्षातही राहतं. म्हणून आधी थोडं रसायनशास्त्र.

रंग कागदातच असतो

साध्या प्रिंटरमध्ये शाई यंत्रात असते आणि कागद कोरा. थर्मलमध्ये उलट आहे. रंग आधीपासून कागदातच असतो, फक्त दिसत नाही. कागदाच्या वरच्या पातळ लेपात तीन मुख्य गोष्टी असतात. पहिली ल्युको डाय, म्हणजे रंगहीन अवस्थेत ठेवलेला रंग. काळ्या छपाईसाठी ओडीबी-२ नावाचा डाय सर्रास वापरतात. दुसरी डेव्हलपर, म्हणजे एक सौम्य आम्ल. वर्षानुवर्षं या कामाला बिस्फेनॉल-ए वापरलं गेलं, त्याच्याबद्दल पुढे बोलू. तिसरी सेन्सिटायझर, म्हणजे लवकर वितळणारा मेणासारखा पदार्थ. लेपाखाली चिनी मातीसारख्या पदार्थाचा एक थर असतो, तो उष्णता खाली कागदात जिरू देत नाही. महागड्या कागदावर सगळ्यात वर आणखी एक संरक्षक थर असतो. आपल्या हातात येणाऱ्या बहुतेक बिलांवर तो नसतो.

डाय आणि डेव्हलपर बारीक घन कणांच्या रूपात शेजारी शेजारी बसलेले असतात, पण एकमेकांत मिसळलेले नसतात. गरम झालं की सेन्सिटायझर वितळतो, दोघेही त्यात विरघळतात आणि त्यांची गाठ पडते. आम्ल भेटताच डायच्या रेणूतलं एक बंद कडं उघडतं, रेणू प्रकाश शोषायला लागतो आणि तेवढा ठिपका काळा दिसतो. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा, त्याच जातीची ही गोष्ट. रेणू तोच, आजूबाजूला आम्ल आहे की नाही यावर त्याचा रंग ठरतो.

कागदाचं सगळं दुखणं इथेच आहे. हळदीसारखीच इथेही परतीची वाट उघडी राहते. ठिपका गरम होऊन झटकन थंड होतो तेव्हा डाय आणि डेव्हलपर जवळजवळ बसलेल्या स्थितीत गोठतात. ही काही कायमची सोयरीक नाही. ओल, तेल किंवा प्लॅस्टिकमधलं एखादं द्रव्य मध्ये शिरलं की दोघांची फारकत होते, उघडलेलं कडं पुन्हा मिटतं आणि अक्षर दिसेनासं होतं. आपण ‘शाई उडाली’ म्हणतो, पण उडून कुठेच गेलेलं नसतं. रंग तिथेच आहे, पुन्हा रंगहीन होऊन.

यंत्राची बाजू त्या मानाने सोपी आहे. प्रिंटरच्या हेडमध्ये बारीक तापणाऱ्या ठिपक्यांची एक ओळ असते, सर्वसाधारण यंत्रात मिलिमीटरला ८. ५८ मिलिमीटरच्या रोलवर प्रत्यक्ष छपाई ४८ मिलिमीटर रुंदीत होते, म्हणजे एका ओळीत ३८४ ठिपके. कागद खालून सरकत जातो आणि कुठला ठिपका कधी तापवायचा एवढंच यंत्र ठरवतं. एका ओळीला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. शाई नाही, रिबन नाही, आवाज नाही. दुकानदारांनी ही यंत्रं का उचलली ते उघड आहे. कंडक्टरच्या खांद्याला लटकणारं तिकिटाचं यंत्र एवढंसं होऊ शकलं तेही यामुळेच.

ज्यांनी फॅक्सचा जमाना पाहिला आहे त्यांना यात नवीन काही नाही. तेव्हाचा तो गुळगुळीत गुंडाळी होणारा कागद थर्मलच होता, आणि जाणते कारकून फॅक्स आला की आधी झेरॉक्स काढून मगच फाइलला लावत. फॅक्स गेला आणि ती सवयही गेली. कागद मात्र दहापट वाढला.

त्याला काय काय मारतं

उष्णता पहिली. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे बहुतेक थर्मल कागद करडा पडायला लागतो, आणखी तापला की काळा. मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड या आकड्यापर्यंत सहज जातो. स्कूटरची डिकीही कमी नाही, आणि आपल्याकडे निम्म्या संसाराची कागदपत्रं डिकीत असतात. गरम चहाचा स्टीलचा पेला बिलावर ठेवला तर बुडाचं गोल उमटतं, घरी करून बघण्यासारखं आहे.

ओल दुसरी, आणि गोव्यात हीच खरी वैरीण. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्या काळात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर ठाण मांडून असते. कागद बनवणारे छापील मजकूर टिकण्यासाठी साधारण २५ अंशांखालचं तापमान, ४० ते ६५ टक्के आर्द्रता आणि अंधार सांगतात, आणि इतकं सांभाळलं तर साध्या कागदाला पाचेक वर्षं देतात. डिचोली-सत्तरीकडच्या एखाद्या कौलारू घरात, मातीच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात, आषाढात ४० ते ६५ टक्के आर्द्रता? चपलांवर बुरशी धरते तिथे! तेव्हा पाच वर्षांचा तो हिशेब आपल्यासाठी नाही असं धरून चालावं.

तिसरी गोष्ट लोकांना सगळ्यात अनपेक्षित असते: ज्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आपण बिल जपून ठेवतो ते पाकीट. मऊ, पारदर्शक, नव्या रेनकोटसारखा वास येणारं पाकीट पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं मिसळतात, आणि ती द्रव्यं हळूहळू बाहेर येत राहतात. कागदाला लागली की डाय आणि डेव्हलपरची फारकत झालीच. म्हणून उघड्यावर टाकलेलं बिल वाचता येतं आणि पाकिटात जपलेलं कोरं निघतं. कडक, जरासं दुधी, हाताळताना कुरकुर वाजणारं पाकीट बहुधा पॉलिप्रॉपिलिनचं असतं, ते चालतं.

चिकटपट्टीचंही तेच. फाटलेल्या बिलावर पट्टी मारली की बरेचदा पट्टीखालचीच अक्षरं आधी जातात. हायलायटर, मार्कर, वासाचा डिंक यांच्यात विद्रावक असतात, तेही नकोत. खोबरेल, सनस्क्रीन, हाताला लावायचं क्रीम, बांगडा-सुंगटं खाऊन नीट न धुतलेली बोटं, या सगळ्यांतलं तेल लेपात मुरतं आणि बोटाच्या आकाराचा फिकट डाग पडतो.

अल्कोहोलचा परिणाम मात्र उलटा. सॅनिटायझरचा एक थेंब कोऱ्या जागेवर टाकला तर तिथे काळा डाग पडतो. उष्णतेने जे वितळून होतं ते इथे विरघळून होतं. दोघांची गाठ पडते आणि रंग उघडतो. त्यामुळे अत्तर, स्पिरिट, नेलपॉलिश काढायचं द्रव्य, काहीही सांडलं तरी बिल गेलं.

सूर्यप्रकाश अक्षरं फिकी करतो आणि कागद पिवळा. दुकानाच्या काचेला चिकटवलेली थर्मल किंमतपट्टी आठवा.

बिल घरी आलं त्या दिवशी

प्रत्येक बिलासाठी एवढा खटाटोप करायचा नाही. कांदे-बटाट्यांचं बिल टाकून द्या. बाजूला काढायची ती वॉरंटीच्या वस्तूंची, सोन्याची, गाडीच्या दुरुस्तीची, औषधोपचाराची (विमा किंवा कार्यालयाकडून परतावा मिळणार असेल तर), आणि धंद्याच्या खरेदीची. ईसीजीची पट्टी यात विसरली जाते. गुलाबी चौकटींचा तो लांब कागद बहुतेक यंत्रांत थर्मलच असतो. हृदयाच्या रुग्णाचा जुना ईसीजी नव्याशी ताडून बघायला डॉक्टरांना उपयोगी पडतो, आणि नेमका तोच फाइलमध्ये फिका पडत बसलेला असतो. सोनोग्राफीच्या छोट्या चकचकीत चित्रांचाही हाच प्रकार. नातवाचं पोटातलं पहिलं चित्र जपून ठेवायचं असेल तर आधी स्कॅन करून घ्या.

पहिलं काम फोटो. बिल गडद रंगाच्या सपाट वस्तूवर ठेवा, खिडकीजवळ पण थेट उन्हात नको. फ्लॅश बंद, कारण लेप चकाकतो आणि मधलाच आकडा पांढरा होतो. मोबाइल अगदी सरळ वर धरा. लांब बिल एका फोटोत कोंबू नका. दोन-तीन तुकड्यांत घ्या आणि प्रत्येक तुकड्यात आधीच्या दोन-चार ओळी येऊ द्या. मग मोठं करून चार गोष्टी वाचता येतात का बघा: तारीख, दुकानाचं नाव आणि जीएसटी क्रमांक, वस्तूचा मॉडेल व सिरियल नंबर, रक्कम. स्कॅनिंगचं अॅप वापरत असाल तर रंगीत ठेवा. काळं-पांढरं केलं की फिकी अक्षरं अॅप स्वतःच पुसून टाकतं.

फोटो फोनमध्ये नुसता पडून राहिला तर तीन वर्षांनी तो लग्नाच्या आणि शुभ सकाळच्या चित्रांखाली गाडला गेलेला असतो. फाइलला नाव द्या: २०२५-०८-फ्रीज-दुकानाचं नाव-रक्कम. वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. स्वतःला ईमेल करा किंवा डिजिलॉकरमध्ये चढवा. व्हॉट्सअॅपवरून घरच्यांना पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की तो दाबला जातो आणि सिरियल नंबरातला ८ आणि ३ एकच दिसायला लागतात.

दुसरं काम झेरॉक्स. झेरॉक्सचा टोनर कागदावर वितळवून बसवलेला असतो, तो हवेने जात नाही. मूळ बिल काचेवर सपाट ठेवून कॉपी काढायला सांगा. काचेखालच्या दिव्याने बिलाला काही होत नाही. मात्र थर्मल कागद कधीही लेझर प्रिंटरच्या ट्रेमधून जाऊ देऊ नका. टोनर वितळवायला आतला रोलर २०० अंशांच्या आसपास तापलेला असतो, कागद पूर्ण काळा होऊन बाहेर येतो. कॉपीवर बॉलपेनने वस्तू, वॉरंटी कधी संपते आणि फोटो कुठे ठेवला ते लिहा. मूळ बिल याच कॉपीला एका कोपऱ्यात स्टेपल करा.

मग ठेवायचं कुठे? खाकी कागदी पाकीट सगळ्यात बरं. त्यात दोन बिलं छापील बाजू समोरासमोर लावून ठेवू नका, मध्ये साधा कागद घाला. पाकीट झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या किंवा कडक प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. बूट, बॅगा, औषधांच्या बाटल्यांतून त्या येतातच. डबा बाहेरच्या भिंतीला लागून नको, फ्रीजच्या वर नको, देवघराच्या फळीवरही नको. समई-निरांजनाची ऊब आणि तेल दोन्ही तिथे. कापराची डबीही त्या खणात नसावी. पूर्वी सेल्युलॉइड मऊ करायला कापूरच वापरत, म्हणजे तो पीव्हीसीमधल्या त्या द्रव्यांच्या भावकीतलाच.

हे सगळं टाळायचा एक सोपा मार्ग दुकानातच असतो, पण आपण विचारत नाही. पाच-दहा हजारांच्या वरची वस्तू घेताना ‘ए-फोरवर टॅक्स इन्व्हॉइस द्या आणि ईमेलही करा’ असं म्हणा. चवथीच्या गर्दीत दुकानदार कुरकुरेल, तरी बिल हातात पडल्याशिवाय काउंटर सोडू नका.

लॅमिनेशन? नाही म्हणजे नाही

गेल्या पावसाआधी साखळी गावचे एक काका दुकानात आले. नवा फ्रीज घेतला होता. सोबत त्याचं बिल, व्यवस्थित घडी न घातलेलं, पुठ्ठ्यात ठेवून आणलेलं. “बाबा, हे पक्कं करून दे. कंप्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी आहे, तेवढं टिकायला हवं.” पक्कं म्हणजे लॅमिनेशन. मी म्हटलं, काका, यंत्रातून काढलं तर आत्ताच काळं होईल. त्यांचा विश्वास बसेना. मला काम करायचा कंटाळा आलाय असं त्यांना वाटलं असावं. शेवटी कचऱ्याच्या डब्यातली एटीएमची चिठ्ठी काढून पाउचमध्ये घातली आणि यंत्रात सोडली. पलीकडून आली ती पाटीसारखी काळी, चकचकीत, कडा सुबक सील झालेली. काकांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली आणि स्वतःचं बिल मुकाट्याने पुन्हा पुठ्ठ्यात सरकवलं. “मग झेरॉक्सच दे. दोन दे.”

गरम लॅमिनेशनचे रोलर १०० अंशांच्या वर तापतात, त्यामुळे दुसरं काही होऊच शकत नाही. थंड लॅमिनेशनमध्ये उष्णता नसली तरी गोंद असतो, म्हणजे मोठी चिकटपट्टीच झाली. झेरॉक्स काढा आणि हवं तर त्या झेरॉक्सला लॅमिनेट करा.

अक्षरं आधीच गेली असतील तर

घाईत इस्त्री घेऊ नका. इंटरनेटवर तसले व्हिडिओ आहेत, आणि त्यातून बिलं वाचतात त्यापेक्षा जळतात जास्त. क्रम असा ठेवा.

आधी रंगीत स्कॅन, ६०० डीपीआयवर. डोळ्यांना कोऱ्या दिसणाऱ्या बिलात बरेचदा पिवळट-करडी छटा उरलेली असते. फोनच्या फोटो एडिटरमध्येही ब्राइटनेस खाली, कॉन्ट्रास्ट पूर्ण वर केला, मग चित्राचे रंग उलटे करून पाहिले की आकडे वर येतात. खिडकीतला तिरका उजेड बिलावर पाडून फोटो काढला तर काही वेळा अक्षरांची वेगळी चकाकी दिसते. उन्हात तापून पूर्ण काळवंडलेल्या बिलालाही हीच युक्ती.

त्यातून काहीच मिळालं नाही तर शेवटचा उपाय म्हणजे हेअर ड्रायर. बिल उलटं धरा आणि मागच्या बाजूने, लांबून, हळूहळू ऊब द्या. होतं असं की न छापलेला भाग तापून काळा पडायला लागतो आणि जिथे अक्षरं होती तो भाग फिका राहतो, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं दिसतात. हे प्रत्येक बिलाला साधत नाही, आणि एकदा केलं की परत फिरता येत नाही. म्हणून फोनचा कॅमेरा दुसऱ्या माणसाच्या हातात चालू ठेवा आणि आधी एखाद्या निकामी बिलावर हात बसवून घ्या.

खरं तर हे सगळं करण्याआधी दुकानात फोन करावा. बिल संगणकावर निघालेलं असतं. तारीख, तुमचा मोबाइल नंबर आणि रक्कम सांगितली की डुप्लिकेट निघू शकतं. तारीख आठवत नसेल तर यूपीआयच्या जुन्या व्यवहारांत किंवा कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये सापडते. वस्तूच्या पाठीवरचा सिरियल नंबर कंपनीकडे नोंदलेला असेल तर बरेच सर्व्हिस सेंटरवाले तेवढ्यावरही काम घेतात. ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आलीच तर कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. साध्या बिलाला आपल्या हवेत तेवढं आयुष्य असेलच असं नाही, म्हणून झेरॉक्स.

दुकानदार आणि हॉटेलवाल्यांसाठी

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. खरेदीची बिलं थर्मलवर आली असतील तर ६ वर्षांनी दाखवायला तुमच्याकडे कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा असेल. आठवड्यातून एक वार ठरवून स्कॅन करून टाका. स्वाइप मशीनच्या दुकानाकडे राहणाऱ्या चिठ्ठ्याही त्यात घ्या.

रोल घेताना रुंदी (५८ किंवा ८० मिलिमीटर) आणि लांबी बघा. स्वस्त रोल वरून जाडजूड दिसतो, पण आतली नळी मोठी आणि कागद कमी असतो, तेव्हा भाव रोलला नव्हे तर मीटरला काढा. प्रत पारखायची असेल तर एकच बिल तीनदा छापा. एक खिडकीला लावा, एक पीव्हीसीच्या पाकिटात घाला, एक कागदी पाकिटात बंद करा. दोन-तीन आठवड्यांनी तिन्ही शेजारी ठेवा. पुरवठादाराच्या सगळ्या बढाया तिथे निकालात निघतात.

रोलचा साठा पावसाआधी फार करू नका. असलेले मूळ वेष्टनात, जमिनीपासून वर, बंद डब्यात ठेवा आणि जुने आधी वापरा. ओल लागलेला रोल फुगतो, कडेला वळतो आणि यंत्रात अडकतो. नवीन पोऱ्याने रोल बदलल्यावर ‘प्रिंटर बंद पडला, कोरा कागद येतो’ अशी हाक आली तर मेकॅनिकला बोलवण्याआधी नखाची चाचणी करा. रोल उलटा बसलेला असतो.

छपाईत कागदाच्या लांबीला समांतर एक पांढरी रेघ कायम दिसत असेल तर हेडवर मळ बसला आहे किंवा एक ठिपका जळला आहे. यंत्र बंद करा, हेड थंड होऊ द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच रोल घाला; नाहीतर पहिलं बिल काळ्या पट्ट्याचं निघेल, कारण वर सांगितलंच आहे. रेघ गेली नाही तर हेड बदलायची वेळ आली. समुद्रालगतच्या शॅकमध्ये खारा वारा आणि रेती दोन्ही असतात, तिथे ही सफाई जास्त वेळा करावी लागते.

स्वयंपाकघरात ऑर्डरच्या चिठ्ठ्यांसाठी थर्मल प्रिंटर ठेवणं मला पटत नाही. शेगडीजवळ खोचलेली चिठ्ठी करडी पडते, तेलाचे हात लागून अक्षरं जातात, आणि थर्मलवर एकाच वेळी कार्बन प्रतही निघत नाही. तिथे एप्सनच्या टीएम-यू२२० सारखा रिबनवर चालणारा इम्पॅक्ट प्रिंटर योग्य. आवाज करतो, पण स्वयंपाकघरात आवाज आधीच असतो.

हाताला लागतं ते

डेव्हलपर म्हणून वापरलं जाणारं बिस्फेनॉल-ए लेपात मोकळ्या स्वरूपात असतं, त्यामुळे ते बोटांना लागतं आणि त्वचेतून थोडं आत जातं. ते शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं म्हणून युरोपीय संघाने २ जानेवारी २०२० पासून थर्मल कागदातलं त्याचं प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांखाली आणायला लावलं. स्वित्झर्लंडने त्याच वर्षी त्याच्यासोबत बिस्फेनॉल-एसवरही बंदी घातली. ती का, हे समजून घ्यावं. ‘बीपीए फ्री’ (म्हणजे बिस्फेनॉल-ए नसलेला) असं लिहिलेल्या पुष्कळ रोलमध्ये डेव्हलपर म्हणून हेच बिस्फेनॉल-एस असतं, म्हणजे थोरल्याच्या जागी धाकटा. रोल मागवताना ‘फिनॉल फ्री’ आहे का असं विचारा. डेव्हलपरच नसलेला कागदही निघाला आहे. जर्मनीतल्या कोएलर कंपनीच्या निळसर कागदात वरचा अपारदर्शक थर उष्णतेने दबून पारदर्शक होतो आणि खालचा काळा थर दिसतो; रसायनांची गाठभेटच नसल्यामुळे तिथे अक्षरं उडण्याचा प्रश्न येत नाही.

महिन्यातून चार बिलं हातात घेणाऱ्याने घाबरण्याचं कारण नाही. दिवसभर काउंटरवर बिलं फाडणाऱ्या मुलीने मात्र काळजी घ्यावी. सॅनिटायझर लावून ओल्या हातांनी बिल धरणं सगळ्यात वाईट, कारण त्याने त्वचेत जाणारं प्रमाण वाढतं. जेवणाआधी साबण-पाण्याने हात धुवावेत, आणि लहान मुलाच्या हातात चाळा म्हणून बिल देऊ नये.

टाकून देतानाही हा कागद इतर कागदांत मिसळू नका. रद्दीबरोबर गेला तर त्यातलं बिस्फेनॉल पुनर्वापराच्या कागदात उतरतं. कंपोस्टच्या खड्ड्यातही नको, आणि न्हाणीतल्या चुलीला पेटवण म्हणून तर अजिबात नको. पंचायतीचा किंवा पालिकेचा माणूस कचरा न्यायला येतो तेव्हा अशी बिलं वेगळ्या पिशवीत, पुनर्वापर न होणाऱ्या कचऱ्यात द्या. देण्याआधी फोन नंबर आणि कार्डाचे आकडे असलेला भाग बारीक फाडा, किंवा त्यावर सॅनिटायझरचे दोन थेंब टाका. तेवढा भाग काळा होतो.